हमारा बजाज: बाबांची जुनी चेतक, आईची नवी चेतक आणि ती जाहिरात

सायली_आकुर्डी

परवा आईला बजाजची नवी चेतक स्कूटर घेतली, इलेक्ट्रिक. गाडीला हार घालून झाला, नारळ फुटला आणि शोरूममधल्या एका पोरानं मोबाईलवर ती जुनी "हमारा बजाज"ची धून लावली. आई हँडल धरून तशीच उभी राहिली. रडली नाही, बोलली पण नाही, पण मला कळलं. तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय म्हणून हा धागा काढतेय.

बाबा आकुर्डीच्या प्लांटमध्ये प्रेस शॉपला होते, २६ वर्षं. म्हणजे चेतकचा जो पत्रा, ते गोल गरगरीत डाव्या-उजव्या बाजूचे गाल, ते जिथं दाबून तयार व्हायचे तिथं. आमच्या बिल्डिंगमधल्या बारा घरांपैकी सात घरांतलं कोणी ना कोणी बजाजला. पहिल्या पाळीची बस सकाळी यायची तेव्हा खाली डब्यांचा आवाज व्हायचा, त्या आवाजानं आम्ही उठायचो.

ती जाहिरात आली १९८९ ला, मी तेव्हा दुसरीत. रविवारी महाभारतासाठी आमच्याकडे शेजारचे सगळे जमायचे कारण कलर टीव्ही आमच्याकडे आणि खालच्या काकांकडेच होता. जाहिरात लागली की कोणीतरी उठून आवाज वाढवायचं. हो, जाहिरातीचा आवाज वाढवायचे! ती "बुलंद भारत की बुलंद तस्वीर" ओळ आली की बाबा मला म्हणायचे, बघ, आपली. आता सगळ्या देशाला ते "हमारा" ऐकू जात होतं पण आमच्या खोलीतल्या माणसांसाठी तो शब्द अक्षरशः खरा होता, त्यातल्या कोणीतरी त्या गाडीचा पत्रा दाबलेला, कोणी रंग मारलेला, कोणी इंजिन बसवलेलं. मला वाटतं त्या जाहिरातीबद्दल मला जे वाटतं ते यामुळेच, आणि म्हणून ती नुसती छान जाहिरात होती असं कोणी म्हटलं की मला अपुरं वाटतं.

आमची स्वतःची चेतक १९८७ ची. मी पुढं उभी, दादा मधे, आई मागं एका बाजूला बसलेली, डावा हात स्टेपनीवर. आई अशी २८ वर्षं बसली. कधी चालवली नाही, तिला कोणी शिकवलीच नाही. बाबा २०१९ च्या गणपतीत गेले. गाडी खाली पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली उभी आहे. दादा म्हणतो सोसायटीवाले मागं लागलेत, भंगारात देऊ. मला नाही द्यायची.

तुमच्या आठवणी लिहा. आणि इतकी वर्षं बंद असलेली गाडी चालू करायला काय करावं लागेल तेही कोणी सांगा.

जाहिरातवेडा

सायली, फार मनापासून लिहिलंयस. त्या जाहिरातीबद्दल थोडं सांगतो कारण माझा हा आवडता विषय.

लिंटास या जाहिरात कंपनीनं केली होती, अलेक पदमसी तिथं प्रमुख होते त्या काळात. संगीत लुई बँक्स. त्याआधी बजाजची ओळ इंग्रजीत होती, "यू जस्ट कान्ट बीट अ बजाज". म्हणजे आमच्याशी टक्कर घेता येत नाही असा सूर. मग आलं "हमारा". एका शब्दानं कंपनी बाजूला झाली आणि गाडी लोकांची झाली.

आता ती जाहिरात परत बघा, यूट्यूबवर आहे. त्यात गाडी किती मायलेज देते सांगितलेलं नाही, किंमत नाही, इंजिन किती सीसीचं ते नाही. माणसं आहेत फक्त. तो पारशी बाबा आपली स्कूटर पुसतोय, घरच्या माणसाचं तोंड पुसावं तसं. वेगवेगळ्या धर्मांची, वेगवेगळ्या वयाची, साध्या कपड्यातली माणसं, आणि प्रत्येकाजवळ ती एकच गाडी. कोणी हिरो नाही, हिरॉईन नाही. आज एखादी दुचाकीची जाहिरात नटाशिवाय होते का सांगा.

नंतर २००० च्या दशकाच्या सुरुवातीला मोटरसायकलींसाठी त्याच धुनेवर दुसरी आली, "नये भारत की नयी तस्वीर". त्यात पोरगा बाईकवरून जाताना रांगोळी वाचवून वळतो, आठवतंय? ती पण मला फार आवडते. गाडी बदलली तरी रांगोळी मोडायची नाही, एवढं त्या दोन सेकंदात सांगून टाकलं.

मंदार_ठाणे

सगळ्यांच्या भावना मान्य, पण मला एक दुसरी बाजू मांडायची आहे आणि ती मनापासूनच मांडतोय, वाद म्हणून नाही.

माझ्या आजोबांनी स्कूटरला नंबर लावला तेव्हा माझा काका चौथीत होता. गाडी घरात आली तेव्हा काका कॉलेजात. स्कूटर कोणाला कशी विकायची याचा सरकारी कंट्रोल ऑर्डर १९६० पासून होता, किती बनवायच्या ते लायसन्सवर ठरायचं. ज्याला लगेच हवी त्याला जास्तीचे पैसे मोजावे लागायचे, नवीन गाडीपेक्षा वापरलेली महाग अशी स्थिती. मग "हमारा" म्हणजे काय, दुसरं मिळतच नव्हतं. आणि १९८९ ला जाहिरात करायची वेळ आली कारण तोवर कायनेटिक होंडा आली होती, सेल्फ स्टार्ट, गियर नाहीत. हिरो होंडा आली होती. एलएमएल व्हेस्पा होती. म्हणजे लोकांना पहिल्यांदा निवड मिळायला लागली आणि तेव्हा आपलेपणाची आठवण करून द्यावी लागली. आजोबांची दहा वर्षं त्या गाण्यात कुठंच दिसत नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

सायली_आकुर्डी

मंदार, तुम्ही म्हणताय ते खरंय आणि मी ते लपवणार नाही. आमच्याच नात्यातले लोक बाबांना म्हणायचे, तू तिथं आहेस ना, बघ जरा लवकर मिळते का. बाबांच्या हातात काही नव्हतं, ते अवघडून जायचे.

पण एक आहे. उत्पादन वाढवू द्या म्हणून कंपनीचे प्रमुख राहुल बजाज स्वतः सरकारशी भांडत होते, लोकांना हवी ती वस्तू जास्त बनवली म्हणून तुरुंगात जावं लागलं तरी जाईन असं ते जाहीर म्हणायचे. रांग सरकारी धोरणाची होती. आणि तुमच्या आजोबांनी दहा वर्षं वाट बघितली म्हणूनच ती गाडी आली त्या दिवशी काय झालं असेल ते मला तुमच्याकडून ऐकायला आवडेल. पेढे वाटले असतील ना?

मंदार_ठाणे

वाटले. कंदी पेढे. आजीनं गाडीला ओवाळलं आणि पहिली फेरी आजोबांनी एकट्यानं मारली, कोणाला मागं बसू दिलं नाही. काका अजून सांगतो. जाहिरात आली तेव्हा आजोबा थकले होते, पण ते गाणं लागलं की मान हलवायचे, हेही खरंच आहे, आता लिहिताना आठवलं.

साताऱ्याची_प्रिया

माझं आयडीच बघा :) आमच्या साताऱ्याला महाराष्ट्र स्कूटर्सची फॅक्टरी, सरकारी महामंडळ आणि बजाज मिळून काढलेली, १९७५ ची. तिथं "प्रिया" स्कूटर बनायची. माझे वडील तिथं होते आणि मी झाले तेव्हा दुसरं नाव डोक्यात आलंच नाही म्हणतात.

तुमच्या चेतकची चाकं दहा इंची, बजाजच्याच सुपर स्कूटरची आठ इंची. पोवई नाक्यावर चढाला कोणती गाडी येतेय ते आम्ही न बघता सांगायचो, असं वडील म्हणतात आणि माझा विश्वास आहे. चेतक नाव राणा प्रतापांच्या घोड्याचं हे सगळ्यांना माहीत असेलच. पण मुळात ती व्हेस्पाचीच बहीण. व्हेस्पा बनवणाऱ्या इटलीच्या पियाज्जो कंपनीबरोबरचा करार १९७१ ला संपला आणि १९७२ ला स्वतःच्या नावानं चेतक आली. म्हणजे नाव पण आपलं ठेवायचं म्हणून घोडा आणला. मला ते फार आवडतं.

चिन्मय_न्यूजर्सी

डॉलरवाल्या स्कूटरबद्दल कोणी लिहिलं नाही अजून. परदेशातून परकीय चलन पाठवलं की इथल्या नातेवाईकाला रांगेबाहेर स्कूटर मिळायची अशी सोय होती त्या काळात. माझा मामा ७० च्या दशकात इकडे आला, पहिल्या नोकरीतून त्यानं जे पहिले पैसे घरी पाठवले ते आजोबांच्या स्कूटरसाठी. आजोबा परळीला शिक्षक होते. मामा म्हणतो की मी इथं बर्फात बसची वाट बघत उभा असायचो पण तिकडे अण्णा स्कूटरवर शाळेत जातात हे डोळ्यासमोर आणलं की बरं वाटायचं.

मामा आता ८१ चा. मागच्या दिवाळीत मी त्याला ती जाहिरात टीव्हीवर मोठी लावून दाखवली. तीनदा बघितली. चौथ्यांदा लावू का विचारलं तर म्हणाला नको, आता पुरे.

हर्षद_बॅटरी

नव्याबद्दल बोलू का जरा, कारण दर वेळी कोणीतरी म्हणतं की फक्त नाव उचललंय. मी तीन वर्षं नवी चेतक चालवतोय, पुण्यात.

पहिली गोष्ट, बॉडी लोखंडी पत्र्याची आहे. आजकाल स्कूटरला बोटानं टकटक करा, प्लास्टिक वाजतं. हिच्यावर टकटक केली की तो जुना आवाज येतो. दुसरी, पुढच्या चाकाला एकाच बाजूनं हात आहे, दोन नळ्या नाहीत. ही पद्धत थेट १९४६ च्या पहिल्या व्हेस्पाची, ती बनवणारा दास्कानियो मुळात विमानांचा इंजिनियर, चाक एका बाजूनं धरलं की पंक्चर झाल्यावर झटकन काढता येतं म्हणून. जुन्या चेतकला म्हणूनच स्टेपनीचा उपयोग होता, रस्त्याच्या कडेला दहा मिनिटांत चाक बदलून माणूस पुढं जायचा. नवीला स्टेपनी नाही पण तो एका बाजूचा हात ठेवलाय, ते मुद्दाम ठेवलंय आणि जुनी बघितलेल्या माणसालाच ते दिसतं.

तारखा सांगायच्या तर २००९ च्या डिसेंबरात कंपनीनं स्कूटर बनवणंच थांबवायचं जाहीर केलं, राहुल बजाजांचे चिरंजीव राजीव बजाजांचा निर्णय, सगळं लक्ष मोटरसायकलींवर. खुद्द राहुल बजाजांना ते लागलं होतं आणि त्यांनी तसं उघड बोलून दाखवलं. मग ऑक्टोबर २०१९ ला दिल्लीत इलेक्ट्रिक चेतक दाखवली, कार्यक्रमाचं नाव "हमारा कल". जुन्या गाण्यातच "हमारा कल, हमारा आज" आहे, तिथून उचललेलं. जानेवारी २०२० ला पुणे आणि बेंगळुरूला विक्री सुरू, एक लाखापासून पुढं. डिसेंबर २०२४ ला जी ३५ सिरीज आली तिची बॅटरी पायाखाली आहे त्यामुळं सीटखाली ३५ लिटरची डिकी मिळते. भाजीची मोठी पिशवी मावते, काकूंना उपयोगी पडेल.

मला एकच चुकल्यासारखं वाटतं, आवाज. जुनी चेतक गल्लीच्या तोंडाशी आली की घरात कळायचं बाबा आले, आई चहा टाकायची.

लूना_नगरवाली

तुम्ही सगळे चेतकचे, मी लूनाची! आमच्या नगरची. फिरोदियांची कायनेटिक, लूना पण १९७२ चीच, चेतकच्याच वर्षीची. "चल मेरी लूना", पीयूष पांडेंची जाहिरात. आणि ती पण फेब्रुवारी २०२४ ला ई-लूना होऊन परत आली.

मला यात एक सांगायचंय. चेतक घरातल्या पुरुषाची होती. लूना बायकांची होती. माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण, रोज अकरा किलोमीटर एकटी लूनावर जायची, पदर खोचून, नळीला वह्यांची पिशवी अडकवून. पेट्रोल संपलं तर पायडल मारत यायची. गावातली माणसं आधी बघत राहायची, मग सवय झाली, मग ग्रामसेवकाच्या बायकोनंही घेतली. चेतकच्या जाहिरातीत मला आई नव्हती दिसत, लूनाच्या आठवणीत ती दिसते. सायलीताई, तुमच्या आईंना गाडी घेतलीत हे वाचून म्हणूनच मला जास्त भरून आलं. त्या शिकल्या कधी?

सायली_आकुर्डी

लूनाताई, ६३ व्या वर्षी. लॉकडाऊननंतर माझ्या मुलीच्या ऑटोमॅटिक स्कूटरवर, संभाजीनगरच्या बागेमागच्या मोकळ्या रस्त्यावर, म्हणजे आपल्या चिंचवडच्या. पहिले पंधरा दिवस पाय जमिनीवरून उचलतच नव्हती. आता निगडीच्या भाजी मंडईत जाते.

नवी गाडी घेताना मी दुसऱ्या दोन कंपन्यांच्या पण दाखवल्या, एक तर स्वस्त होती. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, आपली कुठंय? तिला अर्थातच चेतक म्हणायचं होतं. आणि एक गोष्ट मला तिच्याकडूनच कळली. २००७ ला आकुर्डीतलं गाड्यांचं उत्पादन थांबलं तेव्हा बाबा आधीच रिटायर झाले होते, तरी त्या दिवशी ते चालत गेटपर्यंत जाऊन आले होते. घरी कोणाला सांगितलं नाही. तिला तिथल्या चहावाल्याच्या बायकोनं सांगितलं. आणि २०२२ च्या जूनमध्ये त्याच आकुर्डीत इलेक्ट्रिक चेतकचा प्लांट सुरू झाला, १० जूनला, राहुल बजाजांच्या जन्मदिवशी. ते त्याच वर्षी फेब्रुवारीत गेले, अंत्यदर्शनाला आकुर्डीत लोटलेली माणसं मी बघितली आहेत, त्यात जुने कामगार किती होते, स्वेटर-मफलर घालून आलेले, गुडघे धरत चालणारे. म्हणजे बाबांच्या जागेवर परत गाड्या बनतायत. हे त्यांना बघायला मिळालं नाही. आई म्हणाली, म्हणून तर तिकडचीच घ्यायची.

मंदार_ठाणे

हे वाचून मी वर जे लिहिलं ते मागे घेत नाही, पण त्याच्या शेजारी हेही ठेवतो. माझ्या आजोबांची रांग आणि तुमच्या बाबांचं गेटपर्यंत चालत जाणं, दोन्ही त्याच गाडीचं.

गॅरेज_कोल्हापूर

सायलीताई, मूळ प्रश्न राहिलाच की. मी लक्ष्मीपुरीत वडिलांबरोबर वीस वर्षं जुन्या स्कूटरच केल्यात, सांगतो तसं करा.

सगळ्यात आधी किक मारू नका. कोणी उत्साहानं मारायला गेलं तरी थांबवा. सात-आठ वर्षं उभी गाडी, आत गंज धरलेला असू शकतो, पिस्टन अडकला असेल तर किक मारून रिंग तुटेल. प्लग काढा, त्या भोकातून चमचाभर टू-टी ऑईल (टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमध्ये मिसळायचं) सोडा, एक रात्र ठेवा. दुसऱ्या दिवशी गियरमध्ये टाकून मागचं चाक हातानं हळू फिरवून बघा, फिरलं तर निम्मं काम झालं.

टाकीतलं जुनं पेट्रोल सगळं काढून टाका, त्याचा वास वार्निशसारखा झाला असेल. टाकी धुवा, कॉक काढून त्याची जाळी बघा. कार्बोरेटर पूर्ण खोलून साफ, जेट फुंकून. सीबी पॉइंट (प्लगला ठिणगी देणारे जुन्या पद्धतीचे पॉइंट) असतील तर पॉलिश पेपरनं घासून गॅप लावून घ्या. केबली सगळ्या नवीन टाका, गियरच्या दोन, क्लचची एक, ब्रेकच्या, त्यात पैसे वाचवू नका. टायर-ट्यूब तर बदलायलाच लागणार, रबर फुटलेलं असतं. मग नवं पेट्रोल, लिटरला २० मिली ऑईल, मोजून, अंदाजानं नाही. मग गाडी थोडी कलती करा, जुना रिवाज, चोक ओढा आणि मग किक.

कागदाचं, पंधरा वर्षं झाल्यावर रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी रिन्यू करावं लागतं. बाबांच्या नावावर असेल तर आधी वारसाच्या नावावर करून घ्या. आणि भंगारात देऊ नका, पत्रा आता तसा मिळत नाही. तुमच्या बाबांनी दाबलेला आहे तो, ताई.

साताऱ्याची_प्रिया

गॅरेजदादा, शेवटचं वाक्य वाचून डोळ्यात पाणी आलं.

सायली_आकुर्डी

तीन आठवड्यांनी लिहितेय. काल सुरू झाली.

निगडीतले एक जुने मिस्त्री मिळाले, बाबांना ओळखणारे. ऑईल सोडून रात्रभर ठेवली, चाक फिरलं, मग बाकी सगळं गॅरेजदादांनी सांगितलं तसंच. दादा भंगाराचं बोलत होता ना, तोच तीन संध्याकाळी खाली बसून केबली टाकायला मदत करत होता. अकराव्या किकला लागली. आधी धूर, पांढरा, सगळं पार्किंग भरलं, आणि मग तो आवाज. वरच्या गॅलऱ्यांतून लोक बाहेर आले. चौथ्या मजल्यावरचे काका, पेंट शॉपला होते, ते चपला न घालताच खाली आले आणि नुसते शेजारी उभे राहिले.

आई आली. तिनं आधी सायलेन्सरला हात लावायचा नाही म्हणून माझ्या मुलीला मागं ओढलं, आम्हाला ओढायची तसंच. मग मागं जाऊन स्टेपनीवर हात ठेवून बघितलं आणि म्हणाली, कव्हर फाटलंय गं याचं, काळं होतं, नवीन आणून लाव.

तर गॅरेजदादा, दहा इंची चाकाच्या स्टेपनीचं काळं रेक्झिनचं कव्हर कुठं मिळेल? इथं दोन दुकानं पालथी घातली.

गॅरेज_कोल्हापूर

आमच्याकडं शिवून देतो ताई. पाठवतो. पैशाचं बोलू नका.